एकदम नव्हे, रोज थोडे : किरणोपचार आणि निरोगी ऊती

मागील पाठात आपण 1895 मधील क्ष-किरणांचा शोध पाहिला. आता एक प्रश्न स्वतःला विचारा. अर्बुदाच्या पेशी मारणारे किरण शेजारच्या निरोगी पेशींना सोडतात कसे? उत्तर असे की ते सोडत नाहीत. इजा दोन्हींना होते. निरोगी ऊतींना ती भरून काढायला वेळ मिळतो की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून असते. हे उमगायला वैद्यकाला जवळजवळ तीस वर्षे लागली.

1901 मध्ये आंरी बेकरेल यांनी रेडियमची नळी वेस्टकोटाच्या खिशात बाळगली. काही दिवसांनी तेथील त्वचा लाल झाली, मग जखम झाली. पिएर क्यूरी यांनी तर मुद्दाम स्वतःच्या हातावर रेडियम बांधून पाहिले! येथे इजा उशिरा दिसली, हे ध्यानात घ्या. किरण पेशीतील डीएनए तोडतात, पण पेशी बहुधा पुढे विभाजनाच्या प्रयत्नात मरते. त्वचेचा वरचा थर नेहमीप्रमाणे झडत राहतो, खालून नव्या पेशी येत नाहीत, आणि मग कातडी सोलवटते. वाचलेल्या मूळ पेशी वाढू लागल्या की ती पुन्हा भरते.

पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लोद रगो यांनी 1920 च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग केले. एकाच मोठ्या मात्रेने नर मेंढ्याला वंध्य करायला गेले, तर वृषणावरील त्वचा भयंकर भाजे. तेच किरण काही दिवसांत विभागून दिल्यावर मेंढा वंध्य झाला आणि त्वचा बरीचशी वाचली. रगोंनी वृषणाला झपाट्याने वाढणाऱ्या अर्बुदाच्या जागी कल्पिले होते. आज ही तुलना सैल वाटते, पण तिने दाखवलेली वाट बरोबर निघाली. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी ती घशाच्या कर्करोगावर वापरली. काही आठवडे रोज थोडे किरण देऊन त्यांनी काही रुग्ण खरोखर बरे केले.

असे का घडते, याचा पेशींच्या पातळीवरील पुरावा 1959 मध्ये मिळाला. एल्काइंड आणि सटन यांनी हॅम्स्टरच्या पेशींना एकच मात्रा दोन भागांत, मध्ये काही तास सोडून दिली. तेव्हा जास्त पेशी जगल्या. त्या मधल्या वेळात पेशी दुरुस्ती करत होत्या.

आज रूढ पद्धतीत रोज सुमारे 2 ग्रे, आठवड्यातून 5 दिवस देतात. तुमच्या ओळखीत कोणी घशाचे किरणोपचार घेतले असतील तर आठवून पाहा : दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येते, गिळवत नाही, आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ते बरे होते. मज्जारज्जू, मूत्रपिंड, फुप्फुस यांचे तसे नाही. तेथील इजा महिन्यांनी, कधी वर्षांनी उघडी पडते, आणि दर खेपेची मात्रा मोठी असेल तर जास्तच. लाळग्रंथी बऱ्याच प्रमाणात किरणांखाली आल्या असतील, तर तोंडाची कोरड पुष्कळदा कायमची राहते.