मराठीतला सर्वात अस्वस्थ करणारा भयपट कोणता?

मराठी सिनेमातलं भूत म्हटलं की अजूनही 'झपाटलेला'मधला (१९९३) तात्या विंचू आठवतो आणि भीतीआधी हसू येतं. 'तुंबाड' (२०१८) महाराष्ट्रातली गोष्ट सांगतो, पण हिंदीत. त्यातला हस्तर किळसवाणा आहे, तरी तो वाड्याच्या पोटात राहतो. सिनेमा संपला की आपण सुटतो.

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) तसं सुटू देत नाही. नेहा (पूजा सावंत) गरोदर आहे. कर्जवसुलीवाल्यांपासून लपायला नवरा तिला गावाकडे, उसाच्या फडातल्या एका घरात आणतो. तिथे तुळसाबाई (उषा नाईक) तिची काळजी घेते. फारच घेते. लहान मुलं दिसायला लागतात, तीही भर दिवसा. फडात मात्र चार पावलांपलीकडचं काही दिसत नाही.

(पुढे रहस्य फुटतंय.)

या सगळ्याच्या मुळाशी आहे जन्मलेल्या मुलींना मारणं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. तरीही २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे मुली होत्या ८९४. ऊसतोड कामगारांच्या बीड जिल्ह्यात तर फक्त ८०७. त्यामुळे हा सिनेमा कुर्ला-ठाणे लोकलमध्ये मोबाइलवर बघायचा नाही. आणि गरोदर मैत्रिणीला तर लिंक अजिबात पाठवू नका.

फुरियांनीच २०२१ मध्ये याचा हिंदी रिमेक केला, 'छोरी'. पण आधी मराठी बघा. उषा नाईकांची तुळसाबाई तिथेच आहे.