शहर तेच, माणसं सगळी नवी: व्रोत्सवाफमध्ये दोन दिवस



युरोप म्हटलं की आपली यादी ठरलेली. पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड, फार तर प्राग. आज मात्र शनिवार-रविवारसाठी अशा शहरात जाऊया, ज्याचं नाव घेतानाच जीभ अडखळते. स्पेलिंग बघून आपण 'व्रोक्लाव' म्हणतो, तिथले लोक म्हणतात 'व्रोत्सवाफ'. पोलंडच्या नैर्ऋत्येला, ओद्रा नदीच्या काठावर. वॉर्साहून रेल्वेने साधारण चार तास. बेटं, शंभराच्या वर पूल, रंगीत घरांचा भलामोठा चौक, आणि फोटोवाल्यांची गर्दी प्रागच्या मानाने कितीतरी कमी.

पण आज आपण जातोय ते एका प्रश्नासाठी. एखाद्या शहरातली जवळजवळ सगळी माणसं बदलली, तर ते शहर तेच राहतं का?

कारण इथे नेमकं तेच झालंय. १९३९ मध्ये इथे सहा लाखांवर लोक राहत होते, बहुतेक सगळे जर्मन. शहराचं नाव होतं ब्रेसलाऊ. आणि दहा वर्षांत? बहुतेक सगळे पोलिश. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर तोच, युझर सगळे नवे. फरक एवढाच, की इथे युझर म्हणजे घरदार सोडून निघालेली माणसं होती.

आता थोडं मागे जाऊ. इसवी सन १००० च्या सुमारास हे पोलिश राज्यातलं शहर होतं. १३३५ मध्ये ते बोहेमियाकडे गेलं, १५२६ मध्ये हाब्सबर्ग घराण्याकडे, १७४१ मध्ये प्रशियाने ते घेतलं आणि पुढे ते जर्मनीचं झालं. त्यामुळे 'हे मुळात कोणाचं?' असं विचारलं, तर उत्तर कुठल्या सालापासून मोजता यावर ठरतं. सगळ्या राजवटींनी आपल्याला सोयीचं साल धरलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हिटलरने या शहराला 'किल्ला' घोषित केलं. जानेवारी १९४५ च्या कडाक्याच्या थंडीत बायका-मुलांना पायी बाहेर काढलं, त्यात हजारो माणसं वाटेतच गेली. फेब्रुवारीत सोव्हिएत फौजांचा वेढा पडला. बर्लिन २ मेला पडलं, ब्रेसलाऊ ६ मेपर्यंत लढत राहिलं. शनिवारी सकाळी ग्रुनवाल्ड चौकात उभे राहा. आज तिथे ट्राम आणि विद्यार्थ्यांची वर्दळ असते. वेढ्याच्या काळात विमानाची धावपट्टी करण्यासाठी इथली घरंच्या घरं जर्मनांनी स्वतः पाडली होती.

मग नकाशा बदलला. स्टालिनने पोलंडचा पूर्व भाग स्वतःकडे ठेवला आणि पोलंडला बदल्यात पश्चिमेकडचा जर्मन प्रदेश मिळाला. इथल्या जर्मनांना हाकललं. आणि पूर्वेकडच्या ल्वूफमधून, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हमधून, आणि पोलंडच्या इतर भागांतून लोक इथे आले. परक्याच्या घरात, परक्याच्या ताटावाट्यांत संसार सुरू.

ल्वूफवाल्यांनी आपलं शहर जमेल तेवढं सोबत आणलं. मुख्य चौकात नाटककार अलेक्सांदर फ्रेद्रोचा पुतळा आहे, तो मूळचा ल्वूफचा. त्या जागी आधी प्रशियाच्या राजाचा पुतळा होता. ओसोलिनेउम हे ग्रंथालयही तिथलंच, त्याचा एक भाग इकडे आला. गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस आले. ल्वूफच्या 'स्कॉटिश कॅफे'त गणितज्ञ अवघड प्रश्न एका वहीत लिहून ठेवायचे, स्टाइनहाउसने १९४६ मध्ये इथे नवी वही सुरू केली.

शनिवारी दुपारी 'राच्वावित्से पॅनोरमा' बघाच. १५ मीटर उंच आणि ११४ मीटर लांब, गोलाकार लावलेलं एकच चित्र. १७९४ च्या लढाईत पोलिश शेतकरी रशियन सैन्याला हरवतायत, असा विषय. चित्र १९४६ मध्ये आलं, पण रशियाला राग येईल म्हणून गुंडाळूनच ठेवलं. लोकांना ते बघायला मिळालं १९८५ मध्ये.

आता दुसरी बाजू. नव्या सरकारने जर्मन पाट्या खरवडल्या, जर्मन दफनभूमी हटवल्या आणि इथल्या विटा वॉर्सा उभारायला पाठवल्या. तरीही जर्मन परत येतील या धास्तीने कित्येक वर्षं लोक मनाने बॅग भरूनच राहिले. १९६५ मध्ये पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिलं: आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतोही. युद्ध संपून वीसच वर्षं झालेली, सरकार भडकलं. पत्रामागचे मुख्य लेखक होते व्रोत्सवाफचेच बोलेस्वाफ कोमिनेक. रविवारी ग्राबिशिन उद्यानात जा. तिथे २००८ मध्ये जुन्या जर्मन थडग्यांचे दगड बसवून स्मारक उभारलंय, शहरातल्या आधीच्या रहिवाशांसाठी.

यात एक धागा आपल्या कोल्हापूरचाही आहे. ज्या पूर्व पोलंडमधून व्रोत्सवाफचे अनेक नवे रहिवासी आले, तिथल्याच बऱ्याच कुटुंबांना सोव्हिएत सरकारने १९४०-४१ मध्ये सायबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवलं होतं. सुटका झाल्यावर इराणमार्गे त्यातले सुमारे पाच हजार जण, मुख्यतः बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवडेच्या छावणीत राहिले. परत कुठे जायचं? त्यांचं गाव आता पोलंडमध्येच उरलं नव्हतं. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहायला आले आणि तिचं गांधीनगर झालं. म्हणजे व्रोत्सवाफची गोष्ट समजायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं काय? माझ्या मते उत्तर जुलै १९९७ मध्ये मिळालं. ओद्राला महापूर आला, शहराचा मोठा भाग पाण्यात गेला. तेव्हा हजारो लोक स्वतःहून वाळूची पोती भरायला उतरले. ज्या जुन्या इमारती त्यांच्या आजोबांनी बांधल्या नव्हत्या, त्या वाचवायला. शहर आपलं आहे हे सिद्ध करायला तेव्हा कुणी इसवी सन १००० चा दाखला काढला नाही.

रविवारी संध्याकाळी ओस्त्रूफ तुमस्की या सगळ्यात जुन्या भागात थांबा. अंधार पडताना एक माणूस येतो आणि गॅसचे दिवे एकेक करून पेटवत जातो. आजही, रोज.

तुमच्या गावात अशी एखादी वस्ती आहे का, जिथली माणसं बदलली पण भिंती त्याच राहिल्या? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!