फिल्म-स्कॅनचे छटासंस्करण
फिल्मवरील छायाचित्र स्कॅन केल्यावर त्यातील छटा, रंग व स्पष्टता संगणकावर सुधारण्याची प्रक्रिया.

उगम : १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी छायाचित्र स्कॅन करून संगणकात उतरवले. १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ हे चित्रसंस्करणाचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि डार्करूममधील कामे (पहा : छायाचित्रण) पुढे संगणकावर होऊ लागली.

वैशिष्ट्ये : रंगीत निगेटिव्हच्या छटा उलटवून तिची नारिंगी झाक काढतात. सॉफ्टवेअरमधील ‘लेव्हल्स’ या साधनाने काळ्या-पांढऱ्याची टोके ठरतात, ‘कर्व्ह्ज’ने मधल्या छटा. ८ बिट स्कॅनमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पातळ्या असतात. त्यामुळे छटा फार ताणल्यास पट्टे उमटतात. १६ बिटला ६५,५३६ पातळ्या मिळत असल्याने हा धोका कमी होतो. धूळ व ओरखडे अवरक्त किरणांनी (पहा : अवरक्त प्रारण) ओळखतात; पण पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधील चांदीचे कण हे किरण अडवतात, म्हणून तिला ही रीत लागू पडत नाही.

महत्त्व : रंग उडालेल्या फिल्मवरील चित्रे पुन्हा वापरता येतात. अभिलेखागारांत मूळ स्कॅन राखून प्रतीवर संस्करण करतात (पहा : अभिलेखागार).