रूपकावरील आरोप : सतराव्या शतकातील इंग्रजी गद्य

इंग्रजीतील आलंकारिक भाषेचा इतिहास बहुधा काव्याच्या अंगाने मांडला जातो. परंतु रूपकाच्या स्वरूपाविषयीचा मूलगामी वाद तेथे उभा राहिला तो गद्याच्या क्षेत्रात, आणि त्याची मुळे राजकीय होती.

जॉर्ज पटनमच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' (१५८९) या ग्रंथाने अलंकारांना इंग्रजी नावे दिली व त्यांची सांगड दरबारी शिष्टाचाराशी घातली. येथे अलंकार हा वेषभूषेसारखा होता. १६४२ मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धाने हे चित्र पालटले. धर्मोपदेशकांच्या आवेशपूर्ण वाणीने लोकमन पेटले, अशी धारणा अनेक विचारवंतांत बळावली. हॉब्जने 'लेव्हायथन'मध्ये (१६५१) रूपकाची गणना वाणीच्या दुरुपयोगांत केली. रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिताना (१६६७) टॉमस स्प्रॅटने पंडितांच्या भाषेपेक्षा कारागीर, ग्रामीण जन व व्यापारी यांची भाषा श्रेयस्कर ठरविली. सॅम्युएल पार्करने १६७० मध्ये उपदेशकांच्या भडक रूपकांना कायद्यानेच मज्जाव करण्याची कल्पना पुढे केली.

या आरोपकर्त्यांचे स्वतःचे गद्य मात्र रूपकमुक्त नव्हते. 'लेव्हायथन' हे बायबलमधील महाकाय प्राण्याचे नाव. हॉब्जने ते राज्यसंस्थेला दिले. अलंकारिक भाषेला फसवणुकीचे साधन मानणाऱ्या लॉकने आपल्या १६९० च्या ग्रंथात मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली. ही केवळ विसंगती नव्हे. राज्य आणि मन इंद्रियगोचर नसल्यामुळे त्यांच्याविषयी विचार करण्यासाठीच प्रतिमेचा आधार घ्यावा लागला. वेष उतरविता येतो. ही रूपके उतरविली तर प्रतिपादनच ढासळते.

रूपक हा विचाराचाच व्यापार आहे, हे आय. ए. रिचर्ड्सने १९३६ मध्ये, तर लेकॉफ व जॉन्सन यांनी १९८० मध्ये निराळ्या मार्गांनी मांडले. या मांडणीच्या प्रकाशात सतराव्या शतकाकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानी येते : रूपकाला भूषण मानणाऱ्यांनी त्याला निरुपद्रवी ठरविले होते, त्याच्यावर बंदी मागणाऱ्यांना मात्र त्याचे सामर्थ्य कळले होते. त्यांचा उपाय अशक्य होता, पण त्यांचे भय निराधार नव्हते. ज्या शक्तीने विचार घडतो, त्याच शक्तीने समुदाय भडकतो. म्हणून रूपकाची चिकित्सा ही सौंदर्यविचाराइतकीच नागरी विवेकाचीही बाब ठरते.