चार केबींची छाननी

संगणकाच्या कोडमध्ये बदल सुचवायचा आणि जाणकारांनी तपासल्यावरच तो स्वीकारायचा, ही प्रथा आज बड्या कंपन्यांच्या कचेऱ्यांशी जोडली जाते. प्रत्यक्षात ती घडली महाग, मंद जोडणीच्या काळात. म्हणूनच तलासरीच्या किंवा पूर्व डहाणूच्या डोंगरपाड्यांवर, जिथे रेंज येते-जाते, तिथल्या मुलामुलींना ती आजही सर्वांत सोयीची आहे, असे माझे म्हणणे आहे.

बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी लिहिलेला 'डिफ' १९७४ मध्ये युनिक्ससोबत बाहेर पडला. दोन फायलींतला नेमका फरक तो काढून देई. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांच्या 'पॅच'ने तो फरक दुसऱ्याच्या फाइलवर आपोआप चढवण्याची सोय केली, आणि अख्खा प्रोग्राम पाठवण्याची गरज संपली. लिनक्स ही संगणक कार्यप्रणाली वाढली ती असे पॅच ईमेलने पाठवत; २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' लिहायला घेतले तेही या कामासाठीच. बदल करून 'गिट कमिट' द्यायचे, मग 'गिट फॉरमॅट-पॅच'. फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल येते: काढलेल्या ओळीआधी वजाचे चिन्ह, घातलेल्या ओळीआधी अधिकचे, वर-खाली संदर्भाच्या तीन-तीन ओळी. इथवर इंटरनेट लागतच नाही. लहानसा पॅच जेमतेम काही किलोबाइटचा, म्हणजे केबींचा. रेंज मिळाली की 'गिट सेंड-ईमेल' एवढी एकच आज्ञा. तपासणारा नेमक्या त्या ओळीखाली हरकत लिहितो, आणि सुधारलेला पॅच 'व्ही२' म्हणून पुन्हा जातो.

२००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबने हेच काम बटणावर आणले, मग आज्ञा कशाला पाठ करायच्या, असे कोणी विचारील. शिकायला बटण सोपे, हे खरेच. पण ते पान उघडायला जोडणी टिकावी लागते. मजकुराच्या फाइलला ती घडीभर पुरते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: या छाननीची भाषा फार कठोर, नवखा माणूस खचतो. स्वतः टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. दोष माणसांच्या बोलण्यात होता. कारणे उघडपणे, लेखी मागण्याची रीत त्यामुळे खोटी ठरत नाही.

डहाणूला तर या रीतीचे मोल वेगळे सांगायला नको. १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९८ मध्ये तालुक्याच्या किनाऱ्यावरचे प्रस्तावित वाढवण बंदर नाकारले. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, तरी जुन्या नकाराची कारणे लेखी असल्यामुळेच विरोधकांना नव्या निर्णयाला त्या कारणांच्या कसोटीवर जाब विचारता आला.

राहता राहिली इंग्रजीची अडचण, आणि ती खरी आहे. मात्र केडीई आणि ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपांची मराठी भाषांतरे 'पीओ' नावाच्या मजकूर फायलींत असतात: वर इंग्रजी ओळ, खाली मराठी. मेन्यूतला एखादा शब्द कोणाच्याच तोंडी नसलेला निघाला, तर तो बदलायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. एक ओळ वजा, एक ओळ अधिक, आणि असा शब्द का नको याचे दोन वाक्यांत कारण.