वृक्षतोड व छाटणी परवानगी (केळवे-पालघर परिसर)

वृक्षतोड परवानगी : कायद्याने संरक्षण दिलेले झाड तोडण्यापूर्वी, मुळासकट दुसरीकडे हलवण्यापूर्वी किंवा त्याच्या मोठ्या फांद्या उतरवण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याकडून घ्यावयाची लेखी संमती. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने दोन कायद्यांखाली दिली जाते : महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ आणि महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. झाड स्वतःच्या जागेत असले, आजोबांनी हाताने लावलेले असले, तरी या अटीतून सुटका नाही.

पश्चिम रेल्वेवर केळवे रोडनंतरचे स्थानक पालघर. या एका स्थानकाच्या अंतरात कायदा बदलतो. पालघर शहर नगरपरिषदेच्या हद्दीत असल्याने तिथे १९७५चा कायदा लागू होतो आणि अर्ज नगरपरिषदेकडे जातो. केळवे हे ग्रामपंचायतीचे गाव. तिथे १९६४चा कायदा. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात औद्योगिक विकास महामंडळ हेच नियोजन प्राधिकरण आहे. खाडीतल्या कांदळवनाचा प्रश्न तर थेट उच्च न्यायालयापर्यंत पोहोचतो. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी झाड कोणाच्या हद्दीत उभे आहे, हे सातबारा आणि नकाशावरून पक्के करावे लागते.

१९६४च्या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात सोळा वृक्ष आहेत : साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ, हळदू, बिजा, तिवस, अंजन, हिरडा, मोह, आंबा, फणस, जांभूळ, चिंच आणि तिवर, म्हणजेच कांदळवनातली झाडे. यांपैकी कोणतेही तोडायचे असेल, तर वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. सागासारख्या झाडांसाठी अर्ज वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात द्यायचा. सोबत सातबारा, नकाशा, सहहिस्सेदारांची संमती आणि तोडण्याचे कारण जोडतात. झाड वाळलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले असेल, जीविताला वा घराला धोका असेल, तर ती कारणे ग्राह्य धरली जातात. ग्रामपंचायतीच्या जागेतल्या झाडासाठी पंचायतीचा ठराव लागतो. पण अनुसूचीतले झाड निव्वळ ठरावावर तोडता येत नाही.

अर्जानंतर जागेची पाहणी होते. वनरक्षक छातीच्या उंचीवर फीत गुंडाळून खोडाचा घेर मोजतो, झाडावर क्रमांक टाकला जातो, पंचनामा लिहिला जातो. तोडलेले लाकूड गावाबाहेर न्यायचे झाले, तर सागासारख्या जातींसाठी वाहतूक परवाना वेगळा काढावा लागतो. तोडीची परवानगी खिशात असली तरी तो नसेल तर टेम्पो नाक्यावर अडतो.

केळव्याची ओळख असलेली झाडे मात्र या सोळांत नाहीत. किनाऱ्यावरचे सुरू, वाड्यांतले नारळ आणि सुपारी, बांधावरचे ताड, देवळापाशी दिसणारे वड-पिंपळ, यांतले एकही अनुसूचीत नाही. खासगी वाडीतला सुरू तोडायला या कायद्याची आडकाठी नाही. किनाऱ्यावरच्या सुरूला जे संरक्षण मिळते, ते जमीन सरकारी असल्यामुळे आणि किनारा नियमन क्षेत्राच्या बंधनांमुळे मिळते. खारा वारा अडवून मागच्या पानवेलींना आणि केळीबागांना आडोसा देणारे झाड स्वतःच्या बळावर कायद्यात उभे नाही, ही या कायद्यातली मोठी उणीव आहे.

नगरपरिषद क्षेत्रातली व्यवस्था अधिक कडक आहे. १९७५च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरण नेमणे आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणे बंधनकारक केले. इथे जातीची यादी पाहावी लागत नाही. तोडीच्या प्रस्तावाची जाहीर सूचना वृत्तपत्रात द्यायची आणि झाडावरही लावायची, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना हरकत घेता येते. परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस झाडाला हात लावायचा नाही.

या पंधरा दिवसांचे मोल राज्याला मुंबईतल्या आरे प्रकरणात कळले. मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडे तोडण्याचा व हलवण्याचा प्रस्ताव वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये मंजूर केला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. मुदत कधीपासून मोजायची, हाच वादाचा एक मुद्दा होता.

२०२१च्या दुरुस्तीने १९७५च्या कायद्यात पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांसाठी ‘वारसा वृक्ष’ हा वर्ग आणला. तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी रोपे लावण्याची अट घातली. साठ वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात साठ रोपे. ही रोपे किमान सहा फूट उंचीची हवीत आणि सात वर्षे जगवायची आहेत. पाच वर्षांहून जुन्या २०० वा अधिक झाडांचा प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणापुढे नेण्याची तरतूदही तेव्हा केली गेली. दंड झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. १९६४च्या कायद्यात मात्र दंडाची मर्यादा हजार रुपये राहिली. ती पन्नास हजारांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा शेतकऱ्यांवर बोजा पडेल असा आक्षेप निघाला.

छाटणीला लोक सहसा परवानगीचा विषय मानत नाहीत. १९७५च्या कायद्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे येते, त्यामुळे शहरातली छाटणीही परवानगीनेच करायची. विजेच्या तारांवर आलेल्या फांद्यांसाठी २००३च्या वीज कायद्यात वेगळी तरतूद आहे. जाड फांदी उतरवताना खोडापासून थोडे दूर, आधी खालून अर्धवट काप घेतात, मग त्याच्या पुढे वरून कापतात आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर काढतात. एकाच घावात तोडलेली फांदी पडताना खोडाची साल ओढून नेते आणि त्या जखमेतून झाड कुजू लागते.

कांदळवनाची शिस्त सर्वांत कडक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८च्या निकालात कांदळवन व त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा संरक्षित ठरवला; सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. मुंबई, ठाणे व पालघर जिल्ह्यांतून जाणाऱ्या बुलेट ट्रेनलाही हे दार ठोठावावे लागले. तोडायच्या कांदळवनातील झाडांचा आधी ५३ हजारांहून अधिक असलेला आकडा आराखड्यात बदल करून सुमारे २२ हजारांवर आणला गेला आणि ९ डिसेंबर २०२२ रोजी न्यायालयाने संमती दिली. परवानगीची अट नसती, तर आराखडा पुन्हा तपासण्याची गरज कोणालाही भासली नसती.

इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिल एखाद्या विशिष्ट झाडासाठी स्वतंत्र संरक्षण आदेश काढू शकते. झाड कोणत्या जातीचे, हा प्रश्न तिथे आड येत नाही. केळव्यासारख्या किनारी गावांना अशा तरतुदीची गरज आहे. किनाऱ्यावरची सुरूची रांग आणि गावातले जुने वड यांची नावनिशी नोंद ग्रामसभेने करावी, आणि शासनाने त्या नोंदीला १९६४च्या कायद्यात स्थान द्यावे. तोवर ज्यांच्या घरावर धोकादायक फांदी झुकली आहे, त्यांनी मृगाची वाट न पाहता फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज द्यावा, कारण पाहणी, सूचना आणि हरकती यांतच उन्हाळा सरतो.