घरचा स्वयंपाक कॉलेजात कसा गेला?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. एका ताईंना बारावी झालेल्या लेकीला हॉटेल मॅनेजमेंटला घालायचं होतं. लगेच कुणीतरी म्हणालं, "भाकरी थापायला कॉलेज कशाला? ते आई शिकवते की!" आम्ही सगळ्या हसलो. त्या ताई मात्र हसल्या नाहीत. मग आम्ही ठरवलं, आधी या शिक्षणाचा इतिहास समजून घेऊ, मग निर्णय करू.

देश स्वतंत्र झाला तेव्हा धान्य पुरत नव्हतं. तांदूळ-गहू वाचवा, रताळी-केळी खा, असं सरकार सांगत होतं. १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्नमंत्री झाले. त्यांच्या पत्नी लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने महिलांची अन्न परिषद उभी राहिली. तिने 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहं चालवली. याच परिषदेने १९५४ साली मुंबईत, अंधेरीच्या भवन्स कॉलेजच्या आवारात, या विषयाचं देशातलं पहिलं कॉलेज काढलं. पुढे ते दादरला गेलं. आजही तिथेच आहे. म्हणजे या शिक्षणाचा पाया बायकांनीच घातला!

त्याच मुंबईत, गिरणगावात, खानावळवाल्या बायका कामगारांना जेवू घालत होत्या. हाताला चव होती, कष्टाला तोटा नव्हता. पण किराण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज फिटत नव्हतं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त एकत्र आणलं, तेव्हा त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं.

दोन्हीकडे नाव अन्नपूर्णा, काम अन्नाचंच. एकीकडे हातात प्रमाणपत्र आलं, दुसरीकडे कष्टाला पत मिळायला एकजूट करावी लागली. चार माणसांचं आपण घरी रांधतो. रोज चारशे ताटं एकाच चवीची, स्वच्छ आणि खर्चात बसणारी काढायची, तर शिकावं लागतं. म्हणून कॉलेजात स्वयंपाकाबरोबर वाढप, स्वागतकक्ष आणि खोल्यांची व्यवस्थाही शिकवतात. एका ताटाला किती खर्च आला, हेही काढायला लावतात.

आपल्या नाशिकला, त्र्यंबकेश्वरला यात्रेकरू पिढ्यान् पिढ्या येतात. सिंहस्थात तर गर्दीला पार नसतो. इथल्या हॉटेलांत आपल्या बाया भांडी घासताना, चादरी बदलताना दिसतात. मॅनेजरच्या खुर्चीत कितीजणी दिसतात? आणि शिकायला मुंबईच गाठली पाहिजे असंही नाही. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकचंच. त्यानेही या विषयाचे पदवी अभ्यासक्रम चालवले आहेत.

आम्ही तो अर्ज मंजूर केला. तुमच्या गटात असा अर्ज आला, तर कॉलेजची मान्यता, पूर्ण फी आणि वसतिगृहाचा खर्च आधी नीट विचारून घ्या. पण "भाकरीला कॉलेज कशाला?" असं म्हणून लेकीला घरी बसवू नका.